इंजिनाचा पायगुण

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, असं आपल्याकडं म्हणतात. म्हण शहाणी आहे. फांदी आतून पोखरलेली होती, आज ना उद्या मोडायचीच होती, नेमका त्या घडीला कावळा येऊन टेकला. पण माणूस असा की ही म्हण त्याला स्वतः कावळा झाल्यावरच आठवते. फांदीवर दुसरा कोणी बसलेला असला की म्हण विसरतो आणि दगड उचलतो.

माझी साठी उलटली. गावात, भावकीत जी भांडणं बघितली, त्यातली कितीतरी या एकाच हिशोबावर उभी होती. आधी हे झालं, मग ते झालं, म्हणजे ह्याच्यामुळंच ते झालं. हा हिशोब कधी खरा असतो, कधी खोटा. तो पारखायचा कसा? आणि खोटा निघाला, तर ज्याच्यावर आळ आला त्याचं काय? दहावीपर्यंतच्या शाळेत हे कोणी शिकवलं नाही. मला ते एका बंद पडणाऱ्या जीपनं शिकवलं.

१९९२ सालची गोष्ट. धाकट्या भावानं वडाप करायला जुनी पेट्रोल जीप घेतली. गाडी दणकट होती, पण पेट्रोल इतकं प्यायची की दिवसभर माणसं कोंबून नेली तरी संध्याकाळी हातात काही उरायचं नाही. त्या वेळी डिझेल पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त. म्हणून पुष्कळ जण जुन्या जीपमधलं पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसवून घ्यायचे. भावानंही तेच ठरवलं. पतसंस्थेचं कर्ज काढलं, कमी पडलं ते आईच्या पाटल्या गहाण ठेवून भरलं. बार्शीच्या एका मिस्त्रीनं भंगारात निघालेल्या टेम्पोचं इंजिन मिळवलं.

इंजिन बदलणं म्हणजे बैल बदलून जू चढवण्याइतकं सोपं नव्हे. नवं इंजिन चेसीवर बसत नाही, त्याला नवे पाय जोडावे लागतात. इंजिन आणि गिअर बॉक्स यांचं तोंड जुळत नाही, मधी जाड प्लेट घालावी लागते. डिझेलला ठिणगी लागत नाही, हवा दाबून दाबून इतकी तापते की डिझेल आत फवारल्याबरोबर पेटतं. म्हणून ते फिरवायला सेल्फ जोरकस लागतो आणि बॅटरीही मोठी. शिवाय उरलेलं डिझेल परत टाकीत सोडणारी एक नळी नव्यानं टाकावी लागते. एवढं सगळं करायला मिस्त्रीला अडीच महिने लागले. तोवर जीप त्याच्या गॅरेजमागं लिंबाखाली उभी होती. नंतर आर.टी.ओ.कडं जाऊन आर. सी. बुकावर नव्या इंजिनाचा नंबर चढवला.

तीन आठवडे जीप छान पळाली. चौथ्या आठवड्यात ऐन बाजारादिवशी, पंधरा माणसं आणि टोमॅटोच्या पाट्या घेऊन निघालेली गाडी रस्त्यात बंद पडली. आवाज नाही, धूर नाही. फुंकर मारून दिवा विझवावा तशी दोन आचके देऊन थांबली.

मग उपाय सुरू झाले. कोणी म्हणालं, इंजिन गरम झालंय. पाणी मारलं, अर्धा तास थांबले, गाडी सुरू झाली. दुसऱ्या बाजाराला पुन्हा बंद. कोणी म्हणालं, एअर धरली. फिल्टरचा नट ढिला करून हातपंपानं बुडबुडे काढले, सुरू झाली. पुन्हा बंद. फिल्टर बदलला, सुरू झाली. पुन्हा बंद. पंप आणि नोझल काढून पंपवाल्याकडं दिले, त्यानं बिल केलं, सुरू झाली. पुन्हा बंद. शेवटी आईनं नारळ फोडला आणि लिंबू-मिरची बांधली. तेव्हाही सुरू झाली! प्रत्येक उपाय लागू पडत होता, फक्त पंधरा-वीस किलोमीटरपुरता.

उपाय एवढे झाले, पण गुन्हेगार पहिल्या दिवसापासून ठरलेला होता. नवं इंजिन आणि ते बसवणारा मिस्त्री. 'जुन्या इंजिनावर कवा अशी बंद पडली का?' या एका वाक्यापुढं कोणाचं काही चालत नव्हतं. स्टँडवरचे वडापवाले म्हणायला लागले, मिस्त्रीनं भंगार गळ्यात मारलं. दोघांनी त्याच्याकडं कामाला लावलेल्या गाड्या परत नेल्या. भाऊ चार माणसं घेऊन पैसे परत मागायला निघाला, तेव्हा वडील म्हणाले, "तूही जा बरोबर." म्हणून मी गेलो.

मिस्त्री साठीतला माणूस. सगळं ऐकून घेतलं. चिडला नाही. म्हणाला, "माझ्या हातानं झालं असंल तर इंजन काढून घेतो, पैसे देतो. दोन दिवस द्या." त्या दोन दिवसांत त्यानं आधी स्वतःचंच काम उलगडलं. स्वतः टाकलेली नळी, स्वतः आवळलेले जोड, वायरिंग, पंपाचं टायमिंग. सगळं नीट निघालं. तिसऱ्या दिवशी त्यानं भावाला एक विचित्र प्रश्न विचारला. "टाकी फुल असली की बंद पडती, का डिझेल कमी असलं की?"

भाऊ विचारात पडला. पहिले तीन आठवडे हातात पैसा नव्हता, तो कॅननं पाच-पाच लिटर टाकायचा. पुढं लग्नसराई आली, धंदा वाढला, मग तो बाजारादिवशी टाकी फुल करायला लागला. बंद पडायची ती त्याच दिवशी.

मिस्त्रीनं टाकी काठोकाठ भरायला लावली आणि आम्हाला घेऊन रस्त्याला लागला. सोळा-सतरा किलोमीटरवर गाडी आचके देऊन थांबली. भाऊ बॉनेट उघडायला उतरला, त्याला मिस्त्रीनं थांबवलं. स्वतः टाकीपाशी गेला आणि झाकण फिरवलं. फुस्स करून हवा आत ओढली गेली, आम्ही सगळ्यांनी कानानं ऐकली. "मार सेल्फ," तो म्हणाला. चार-पाच वेळा घुरघुरली आणि गाडी सुरू झाली.

टाकीतलं डिझेल जसं कमी होतं तशी त्या जागी बाहेरची हवा आत जावी लागते. त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. ते बुजलं की टाकीत ओढ तयार होते आणि पंपाला डिझेल मिळेनासं होतं. टाकीत मोकळी जागा जास्त असली तर ही ओढ सावकाश वाढते, टाकी भरलेली असली तर झटकन. म्हणून तर भरल्या टाकीवर गाडी उपाशी मरत होती. अर्धा तास थांबलं की कुठून तरी थोडी थोडी हवा आत झिरपायची, आणि त्या वेळी ज्याचा उपाय चाललेला असायचा, त्याला यश. पाणी, फिल्टर, पंपवाला, लिंबू-मिरची, सगळ्यांचा गुण एकच होता. तो अर्धा तास.

भाऊ आनंदानं ओरडला, "सापडलं!" मिस्त्री म्हणाला, "थांबा. एकदा सुरू झाली म्हणून मी मानत न्हाई. तशी तर तुमची लिंबानंबी सुरू झाली हुती." त्यानं झाकण पुन्हा घट्ट लावलं, टाकी पुन्हा काठोकाठ भरली आणि गाडी हाकली. तेवढ्याच अंतरावर पुन्हा बंद. मग झाकण ढिलं ठेवून थेट कुर्डुवाडीपर्यंत जाऊन आला. एकदाही थांबली नाही. तेव्हा कुठं त्यानं झाकण हातात घेऊन उन्हात धरलं. भोकात वाळून दगड झालेली माती होती. लिंबाखाली गाडी अडीच महिने उभी होती, तेवढ्यात कुंभारीण माशीनं आपलं घर लिंपलं होतं. सायकलच्या आऱ्यानं त्यानं ते मोकळं केलं. खर्च शून्य.

परत येताना तो जे बोलला ते मी आजवर जपून ठेवलंय. म्हणाला, "नव्या कामावर आधी संशय घ्यायचाच, त्यात चूक न्हाई. म्या बी माझ्यावरच घेतला. पर संशय म्हंजी कुठनं शोधायचं त्याचा पत्ता. निकाल न्हवं. पत्त्यावर जायचं, दार वाजवायचं, आत कोन न्हाई दिसलं तर फुडल्या घरी जायचं. तुमी लोकं दार न वाजवताच घराला आग लावता."

मी पुढं पुष्कळ वर्षं विचार केला की, इंजिन अगदीच निर्दोष म्हणायचं का? इंजिन बदलायला काढलं नसतं तर गाडी लिंबाखाली उभी राहिली नसती आणि माशीनं घर केलं नसतं. धागा तर आहे. पण आपल्या भाषेत निमित्त आणि कारण हे दोन वेगळे शब्द उगाच नाहीत. लिंबाखाली उभं राहणं हे निमित्त, बुजलेलं भोक हे कारण. आणि दोष हा तिसराच शब्द, तो तिथं कोणाचाच नव्हता. जुनं पेट्रोल इंजिन परत बसवलं असतं तरी त्या झाकणानं गाडी बंद पाडलीच असती. राग आला की आपण या तीन शब्दांचा एकच शब्द करतो आणि तो जवळच्या नव्या माणसाच्या कपाळावर चिकटवतो.

घरात हेच होतं, फक्त तिथं झाकण उघडून बघणारा मिस्त्री नसतो. १९७१ सालच्या उन्हाळ्यात माझी चुलत वहिनी लग्न होऊन आली. मी बारा वर्षांचा. तिसऱ्या आठवड्यात चुलते वारले. ते दोन वर्षं खोकत होते, रुमालात रक्त पडायचं, हे सगळ्या भावकीला ठाऊक होतं. तरी दहाव्याला बायका कुजबुजल्या, सून पांढऱ्या पायाची. पुढच्या साली, १९७२ ला, सगळ्या महाराष्ट्रात दुष्काळ पडला. आमच्या घरी तोही तिच्याच खाती मांडला! अख्ख्या मुलखाचा पाऊस एका पोरीच्या पायांनी अडवला. सतरा-अठरा वर्षांची असेल. खडी फोडायला गेली, घर जगवलं, तरी शुभकार्यात तिला पुढं बोलवत नसत.

आमच्या आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लिहिलंय की रॉबर्ट कॉखनं क्षयाचा जंतू २४ मार्च १८८२ ला जगापुढं मांडला. म्हणजे वहिनी उंबरा ओलांडून आली त्याच्या जवळजवळ नव्वद वर्षं आधी कारण सापडलेलं होतं. आमच्या दारापर्यंत ते आलं नाही, कारण आम्ही शोधतच नव्हतो. आळ घालून झाला की मन निवांत होतं, आणि निवांत मन शोधत नाही. चुलत्यांना वेळेवर मिरजेला नेलं असतं का, हा खरा प्रश्न. तो विचारला तर बोट घराकडंच वळलं असतं. नव्या सुनेकडं वळवणं सोपं.

मिस्त्रीची बाजू खरी ठरली, पण गाड्या परत नेलेल्या त्या दोघांनी पुन्हा त्याच्या दारात पाऊल टाकलं नाही. गाडी मिस्त्रीच्या चुकीनं बंद पडते ही बातमी स्टँडवर एका दिवसात पोचली होती, झाकणाची बातमी कधी पोचलीच नाही. इंजिन बदललं की आर. सी. बुकावर नोंद होते. माणसावरचा आळ खोटा ठरला की त्याची नोंद कुठंच होत नाही. म्हणून मला वाटतं, आळ घेताना जेवढ्या मोठ्यानं बोललो, तो उतरवताना तेवढ्याच मोठ्यानं, त्याच चारचौघांत बोलायला हवं. एवढं तरी माणसाचं माणसाला देणं आहे.

२०१४ च्या मार्चमध्ये वहिनीच्या धाकट्या मुलाचं लग्न झालं. त्याच आठवड्यात गारपीट झाली. काढणीला आलेली ज्वारी झोपली, द्राक्षाच्या बागा झोडपल्या गेल्या. हळदीकुंकवाला बायका जमल्या होत्या. त्यात एक म्हातारी नव्या सुनेकडं बघत काहीतरी पुटपुटली. वहिनी चूल सोडून बाहेर आली. जी बाई चाळीस वर्षं खालच्या मानेनं वावरली, ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "गारा ढगातनं पडल्या, आत्याबाई. हिच्या पायातनं न्हाई." आणि स्वतःच्या हातानं तिनं सुनेची ओटी भरली.

त्या वर्षी आमच्याकडं नुकसान फार झालं. पण त्याचा दोष घरातल्या कोणाच्या नावावर चढला नाही.