विश्वस्ताला उदार होता येते का?



समजा, एखाद्या धर्मग्रामात गरीब मुलांच्या शिक्षणासाठी निधी जमला आहे. जून तोंडावर आला आहे आणि चर्चचे छप्पर गळते आहे. विश्वस्तांच्या सभेत कोणी म्हणतो, "तूर्त तो पैसा छपराला वापरू या. देवाचेच काम आहे, कोणाच्या खिशात तर जात नाही!" हे योग्य होईल का?

पटकन 'हो' म्हणावेसे वाटते. पण आपण थोडा विचार करू या. स्वतःच्या पैशातून माणूस हवे तेवढे उदार होऊ शकतो. विश्वस्ताला ती मोकळीक नाही, कारण हातातली ठेव त्याची नाही. एका बाजूला दात्याचा हेतू, दुसऱ्या बाजूला त्या मुलांचा हक्क. या दोहोंमध्ये तो राखणदार म्हणून उभा आहे. येथे त्याने दाखवलेल्या औदार्याची किंमत मुलांना मोजावी लागते. म्हणूनच ख्रिस्तसभेचा १९८३ चा कॅनन कायदा (कलम १२६७) सांगतो की, ठरावीक हेतूने दिलेले दान त्याच हेतूसाठी वापरावे. छपरासाठी वेगळी वर्गणी मागता येते. मागायला संकोच वाटतो, म्हणून मुलांच्या वाट्याला हात लावता येत नाही.

दुसरी गोष्ट हिशेबाची. "आमचे मन साफ आहे, मग कागद कशाला?" असे काही जण म्हणतात. येरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना संत पौलाने तिताबरोबर ख्रिस्तमंडळ्यांनी निवडलेला एक बंधूही घेतला. आपला व्यवहार प्रभूपुढेच नव्हे, तर माणसांपुढेही स्वच्छ दिसावा, ही त्याची काळजी होती (२ करिंथ ८:१८-२१). जिथे प्रेषिताने साक्षीदार घेतला, तिथे आपण कोण?

देशाचा कायदाही हेच मागतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० नुसार विश्वस्तांनी नियमित हिशेब ठेवून तपासून घ्यायचे असतात. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय ट्रस्टची जमीन विकता येत नाही.

आणि आपले कर्तव्य? श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब श्रद्धावंतांना द्यावा, असे कॅनन कायद्याचे कलम १२८७ सांगते. तो आपण वाचावा, न समजल्यास विचारावे. विचारणारा शत्रू नसतो. तो विश्वस्ताला मोहापासून वाचवणारा भाऊ असतो.

शेवटी आपले आयुष्य, मुले, जमीनजुमला ही सारी परमेश्वराची ठेवच आहे. तिचा हिशेब आपल्या प्रत्येकाला द्यायचा आहे.

आपले धर्मगुरू