अचेतनाचा हेतू

पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या द्विगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे दोन संच असलेल्या, पेशीला नायट्रोजन मिळेनासा झाला आणि ग्लुकोजऐवजी ॲसिटेटसारखे न आंबणारे अन्नच उरले, की ती सहसा चार बीजाणू, म्हणजे प्रतिकूल काळ निभावणाऱ्या सुप्त पेशी, घडवते. ग्लुकोज भरपूर असेपर्यंत मात्र या प्रक्रियेला चालना देणारे आयएमई१ हे जनुक दबलेले राहते. साखर आत घेणारी काही वाहक प्रथिनेही उपासमारीत पेशीच्या पटलावरून आत ओढली जाऊन रिक्तिकेत, म्हणजे विघटनाच्या कप्प्यात, नष्ट होतात.

याला संयम म्हणावे काय? संयमाला मोह होणारा आणि तो आवरणारा कर्ता लागतो, आणि पेशीत तसा कोणी आढळत नाही. पण कर्त्यावाचून हेतू असू शकतो काय, हा प्रश्न जुनाच आहे. वासरासाठी अचेतन दूध स्रवते तशी अचेतन प्रकृती, म्हणजे जड सृष्टीचे मूळ, पुरुषाच्या, म्हणजे चेतन आत्म्याच्या, मोक्षासाठी प्रवृत्त होते, असे सांख्य दर्शनाच्या ईश्वरकृष्णाने सांख्यकारिकेत मांडले. त्यावर, दूधही चेतन गायीच्या वात्सल्यानेच स्रवते, असा मार्मिक आक्षेप शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात घेतला. यीस्टपाशी अशी गाय दाखवता येत नाही. शंकराचार्यांसारखा वेदान्ती फार तर अंतर्यामी ईश्वराकडे बोट दाखवील, परंतु रेणूंच्या संकेतांनी आणि नैसर्गिक निवडीने जे उलगडते त्यासाठी ईश्वराची गरज भासत नाही. तरीही सांख्यांचे अर्धेच म्हणणे येथे टिकते, कारण अचेतनाची हेतुसदृश प्रवृत्ती दिसली, तरी ती दुसऱ्या कोणासाठी आहे याची साक्ष पेशी देत नाही.