दोनचा आकडा आणि दोन ग्रॅम

सोनू,

तू पहाटे उठून गणितं सोडवतेस असं तुझ्या आईनं फोनवर सांगितलं, फार बरं वाटलं. अभ्यासाची मला काळजी नाहीच गं, काळजी आहे ती तुझ्या घाईची. मॅग्नेशियम जळण्याचं उदाहरण सारखं चुकतं म्हणतेस, तर समीकरण सावकाश वाच बरं: मॅग्नेशियमचे दोन अणू, ऑक्सिजनचा एक रेणू. इथंच तुझी घाई त्या दोनाचे दोन ग्रॅम करून टाकते. पूजेच्या ताटात दोन सुपाऱ्या नि एक नारळ असला, म्हणून सुपारी वजनानं नारळाच्या दुप्पट होते का? समीकरणातले आकडे नग सांगतात. वजन काढायचं ते अणुवस्तुमानावरून. मॅग्नेशियमचं 24, दोघांचं 48; ऑक्सिजनचं 16, रेणूत दोन अणू म्हणून 32; बेरीज 80. म्हणजे धातू 3, ऑक्सिजन 2, आणि पांढरी भुकटी, म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड, 5. एवढं प्रमाण बसलं, की 6 ग्रॅम धातूची 10 ग्रॅम भुकटी होते हे तोंडी सांगशील.

जळून वजन वाढतं कसं, हा प्रश्न जुन्या लोकांनाही छळायचा. फ्रान्सच्या लव्हॉजिए या रसायनशास्त्रज्ञानं 1774 मध्ये बंद पात्रात कथील तापवलं, तर एकूण वजन तसूभर हललं नाही. पात्र उघडल्यावर हवा आत शिरली, तेव्हा कुठं वाढलं. (गृहस्थ करवसुलीतला, जमाखर्च अंगातच मुरलेला!)

प्रयोगशाळेतही वजनाचा तोच हिशेब. मॅग्नेशियमची फीत पॉलिश पेपरनं घासून मुशीत ठेवायची, तापवताना झाकण अधूनमधून किंचितच उचलायचं. हवा आत जायला हवी, पण पांढरा धूर निसटता कामा नये, कारण तो धूर म्हणजेच आपला ऑक्साइड. उतावळी पोरं झाकण सताड उघडतात आणि मग वजन कमी आलं म्हणून तराजूला बोल लावतात. तू तापव, निववून तोल, पुन्हा तापव. लागोपाठची दोन वजनं सारखी येईपर्यंत थांब. आणि त्या झगझगीत ज्योतीकडे टक लावून बघू नकोस, डोळे जपायचे.

आता माझं एक गणित. बंद भांड्यात 3.6 ग्रॅम मॅग्नेशियम आहे आणि ऑक्सिजन फक्त 2 ग्रॅम. काय उरेल, किती उरेल, आणि ऑक्साइड किती मिळेल? उत्तर पायऱ्यांसकट लिहून पाठव. नुसता आकडा चालणार नाही.

तुझे आजोबा