फलत्याग कोणी करावा?

चित्रकार, अक्षरकार, संगीतकार अशा कलावंतांचे जे समुदाय आंतरजालावर उभे राहिले आहेत, त्यांत काम मिळते ते बहुधा देवघेवीतून: सदस्य आपल्या कृती विनामूल्य मांडतो, नवख्याला तंत्र समजावून सांगतो, आणि या सहवासात जमलेल्या विश्वासावर कधीतरी फ्रीलान्स काम, म्हणजे नोकरीच्या बांधिलकीवाचून तेवढ्यापुरते ठरवलेले काम, त्याच्याकडे येते. मुंबई-पुण्याच्या प्रकाशनव्यवसायापासून दूर असलेल्या, वर्धा जिल्ह्यातील आर्वीच्या किंवा हिंगणघाटच्या चित्रकाराला ही वाट जवळची वाटणे स्वाभाविक आहे. मात्र मनात कामाची आशा धरून केलेल्या या मदतीला निष्काम म्हणावे काय, हा प्रश्न धर्मविचाराचा आहे, आणि त्याच्या मुळाशी असलेला श्रम व मोबदला यांचा वाद वर्धा जिल्ह्याला नवा नाही.

निष्काम कर्म म्हणजे फळाची आसक्ती सोडून केलेले कर्म. १९२१ साली वर्ध्याला आलेल्या आणि १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने देणाऱ्या विनोबा भावे यांनी फलत्यागाचा अर्थ कामातील बेफिकिरी असा कधीच घेतला नाही. फळाच्या चिंतेत खर्च होणारी शक्ती वाचते म्हणून निष्काम कर्त्याचे काम अधिक नेटके उतरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. या कसोटीवर उपजीविकेची इच्छा दोषास्पद ठरत नाही; मदत करणाऱ्याचे लक्ष हाती घेतलेल्या कामात आहे की ते पाहणाऱ्या संभाव्य ग्राहकाकडे, एवढेच पाहायचे असते.

गांधीजींची भूमिका अधिक कठोर होती. वर्ध्याच्या मगनवाडीत राहत असताना त्यांनी शरीरश्रमाचे तत्त्व, म्हणजे प्रत्येकाने आपली भाकरी अंगमेहनतीने मिळवावी हा टॉल्स्टॉयच्या लेखनातून घेतलेला विचार, आपल्या ‘हरिजन’ साप्ताहिकात मांडले आणि बौद्धिक श्रम हे आत्म्याच्या समाधानासाठी असल्याने त्यांचा मोबदला मागू नये, असे १९३५ साली लिहिले. हे शब्दशः घेतले तर चित्रकाराने पोटासाठी सूत कातावे आणि चित्र फुकट द्यावे. परंतु हा नियम वकील, डॉक्टर, कवी अशा सर्वांना सारखाच लागू होता, ही अट सोयीने विसरली जाते. ज्या व्यवहारात ग्राहकसंस्था नफा घेते, तिचा व्यवस्थापक पगार घेतो आणि ‘नाव होईल’ एवढ्या आश्वासनावर केवळ चित्रकाराकडून निरपेक्षतेची अपेक्षा केली जाते, तेथे गीतेचा किंवा गांधीजींचा आधार घेणे ही उघड लबाडी आहे. फलत्याग हा कर्त्याने स्वतःच्या फळाचा करायचा असतो, आणि काम करवून घेणाऱ्याने त्याची मागणी केली की त्याला त्याग हे नाव उरत नाही. गांधीजींनी स्वतः त्याच १९३५ साली खादी महाग होईल हा आक्षेप पत्करून कातणाऱ्या स्त्रियांना निर्वाहापुरती किमान मजुरी मिळावी असा आग्रह धरला. आठ तासांना आठ आणे हे त्यांचे ध्येय होते, प्रत्यक्षातला दर मात्र त्याहून पुष्कळ कमी राहिला.

या आग्रहामागे इंग्रज लेखक जॉन रस्किनचा संस्कार दिसतो. त्याच्या ज्या ‘अन टू धिस लास्ट’ या पुस्तकाचा सारांश गांधीजींनी १९०८ साली ‘सर्वोदय’ या नावाने दिला, त्यात रस्किनचे म्हणणे असे की कामाचा दर ठरलेला असावा आणि चांगल्या कारागिराची निवड व्हावी. कमी कुशल माणूस निम्म्या दराने काम उचलतो तेव्हा कुशल माणसालाही एकतर हटावे लागते किंवा अपुऱ्या दरावर राबावे लागते. येथे प्रश्न अवघड होतो, कारण पगारी नोकरी असलेला हौशी चित्रकार केवळ आनंदासाठी बोधचिन्ह फुकट काढून देतो, तेव्हा त्याच्या मनात आसक्तीचा लवलेश नसला तरी त्या कामावर ज्याची चूल पेटायची होती तो कोठेतरी वाट पाहत बसलेला असतो, आणि सोडलेले फळ अंशतः त्याच्या ताटातले असते. काही समुदायांनी विनामोबदला कामाच्या मागण्या मांडण्यास मनाई केली आहे. परंतु अशी मनाई दर ठरवीत नाही, आणि खादीचे काम पाहणाऱ्या चरखा संघाने कातणाऱ्यांच्या मजुरीची घेतली तशी जबाबदारी घेणारे येथे सहसा कोणी नसते.