'ते लोक' म्हणजे कोण?

छावणीच्या आठवडी बाजारातून परतताना रिक्षात शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले, "त्या लोकांनी भाव चढवून ठेवलेत." आम्ही मान डोलावली. घरी आल्यावर लक्षात आले की, त्यांनी कोणाचे नावच घेतले नव्हते. व्यापारी, दलाल की आणखी कोणी? आम्ही विचारलेही नाही. आमच्या मनाने तेथे एक चेहरा केव्हाच बसवून टाकला होता.

आमचा भाचा संगणकशास्त्र शिकतो. त्याला हे सांगितले तर तो हसला. "मामू, संगणकाचीही हीच अडचण आहे." सर्वनाम कोणाकडे बोट दाखवते, हे यंत्राला कळावे कसे? १९७२ मध्ये टेरी विनोग्राड या अमेरिकन संशोधकाने एक वाक्य मांडले. मराठीत ते असे होईल : नगरसेवकांनी मोर्चेकऱ्यांना परवानगी नाकारली, कारण त्यांना हिंसाचाराची भीती होती. येथे 'त्यांना' म्हणजे नगरसेवकांना. आता शेवट बदला : कारण त्यांना हिंसाचार हवा होता. लगेच 'ते' मोर्चेकरी झाले! व्याकरण तसूभर बदललेले नाही. लिंग-वचन जुळवून पाहणारे यंत्र येथे अडते, कारण उत्तर वाक्यात नाही. ते वाचणाऱ्याच्या समजुतीत आहे.

२०१६ मध्ये अशा वाक्यांची स्पर्धा झाली, तेव्हा सर्वांत हुशार संगणकाची निम्म्याहून थोडीच अधिक उत्तरे बरोबर आली. पण माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर वाचून २०१९ पर्यंत यंत्रे नव्वद टक्क्यांवर पोहोचली. कौतुक वाटले आणि धास्तीही. आमच्या लिखाणातून शिकलेले यंत्र आमच्या समजुतीही उचलणारच. डॉक्टर आणि सेक्रेटरी यांच्याविषयीच्या इंग्रजी वाक्यात 'ती' आली की यंत्राचा कल तिला सेक्रेटरी ठरवण्याकडे असतो, हे २०१८ मध्येच अभ्यासकांनी दाखवून दिले.

नामांचेही तेच. आम्हाला छावणी म्हणजे कँटोन्मेंटची वस्ती. दुष्काळात मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला छावणी म्हणजे जनावरांची चारा छावणी. मलिक अंबरची खडकी, मग फतेहनगर, मग औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर, ही नावे एकाच शहराची आहेत हे यंत्राला शिकवता येते. माणसे मात्र कोण कोणते नाव घेतो यावरून बोलणाऱ्याची जात-जमात काढतात.

आम्हाला खरी टोचणी लागते ती वर्तमानपत्र उघडल्यावर. 'दोन गटांत दगडफेक. एका गटाने आधी सुरुवात केली.' नावे न छापण्यामागचा हेतू चांगला आहे, तेढ वाढू नये हा. आम्ही त्याच्या विरोधात नाही. पण 'एका गटाने' ही जागा रिकामी राहते का? हिंदू वाचक ती एका नावाने भरतो, मुसलमान वाचक दुसऱ्या. दोघांनाही वाटते, बातमीनेच सांगितले. भरणारा हात स्वतःचा होता, हे दोघांच्या गावीही नसते. यंत्राला निदान 'हे उत्तर कशावरून?' असे विचारणारे अभ्यासक तरी आहेत.

आमच्या घरातही काही वेगळे नाही. 'उनके मोहल्ले में' असे अम्मी म्हणायची, तेव्हा ते 'उनके' कोणाचे, हे आम्हा भावंडांना शाळेत जाण्याआधीच कळत होते. कोणी शिकवले, आठवत नाही.

भाच्याने शेवटी विचारले, "मामू, रिक्षात तुम्ही चेहरा कोणाचा बसवला होता?"

आम्ही चहा सांगितला आणि विषय बदलला.