सुगरणीचा खोपा आणि अवधूताचे गुरू

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तांना चोवीस गुरूंची कथा नवीन नाही. श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजा अवधूताला विचारतो, की महाराज, तुम्हाला घर नाही, दार नाही, कुणी मागेपुढे नाही, तरी तुम्ही इतके आनंदात कसे? अवधूत सांगतो, माझे गुरू पुष्कळ आहेत. आणि पृथ्वी, वायू, आकाश असं करत करत तो साप, कोळी, कुंभारमाशीपर्यंत येतो. नाथमहाराजांनी एकनाथी भागवतात हा भाग फार प्रेमानं उलगडून सांगितला आहे.

या चोवीसांत घरट्याचा आणि घराचा विषय मुख्यतः दोन ठिकाणी येतो. एक कपोत, म्हणजे कबुतर. पारध्याच्या जाळ्यात पिल्लं सापडतात, त्यांच्या मायेनं कबुतरी जाळ्यात उडी घेते, तिच्यामागे कबुतरही जातं. घरट्याचा मोह किती घातक, हे अवधूत त्यावरून शिकला. दुसरा साप. तो स्वतः घर बांधतच नाही, दुसऱ्यानं केलेल्या बिळात राहतो. घर बांधण्याची खटपटच नको, हा त्याचा धडा.

आता इथं तुमच्या-माझ्यासारख्या प्रपंची माणसाची अडचण होते. मी बँकेत छत्तीस वर्षं कारकुनी केली, त्यातली बरीच वर्षं कर्जाच्या टेबलावर. बायकोचे दागिने मोडून पहिला हप्ता भरणारी माणसं मी रोज पाहिली. त्यांना "साप व्हा, घर बांधू नका" असं कोण सांगणार? स्वतः नाथमहाराज गृहस्थाश्रमीच होते. म्हणजे कबुतर होऊ नये हे पटतं आणि साप होणं जमत नाही. मग मधली वाट कोणती?

मला ती वाट सुगरण पक्ष्यात दिसली. मी काही पंचविसावा गुरू नेमत नाही, तो माझा अधिकार नाही. पण अवधूतानं हे गुरू आपल्या बुद्धीनं केले, कुणी नेमून दिले नव्हते. तेव्हा त्याच्या शाळेत बसायचं तर डोळे उघडे ठेवायला हरकत नसावी.

पुण्यात पेठांमध्ये सुगरण दिसणार नाही. पण हडपसरच्या पुढे मांजरी, लोणी काळभोरच्या बाजूला, जिथं ऊस आहे, विहीर आहे आणि विहिरीवर वाकलेली बाभूळ आहे, तिथं पावसाळ्यात जाऊन बघा. फांद्यांना दुधी भोपळे उलटे टांगावेत तसे खोपे लोंबत असतात. खाली पाणी, वर काटे. खोपे बहुधा झाडाच्या पूर्वेच्या अंगाला असतात, कारण आपल्याकडचा पाऊस नैर्ऋत्येकडून येतो.

आपण 'सुगरण' म्हणतो, त्यामुळे हे बाईचं काम असं मनात बसलेलं असतं. बहिणाबाई चौधरींच्या खोप्यावरच्या कवितेनं तर ती आपल्या घरातलीच झाली. प्रत्यक्षात विणणारा नर असतो. पावसाळ्याच्या तोंडावर त्याचं डोकं हळदीसारखं पिवळं होतं आणि तो कामाला लागतो. उसाच्या, भाताच्या, गवताच्या पात्याला चोचीनं चीर पाडायची आणि उडत उडत लांब धागा सोलून आणायचा. एका खोप्यासाठी अशा पाचशेपर्यंत खेपा होतात. सगळं काम साधारण अठरा दिवसांचं. हत्यार एक चोच, आणि पायांची मदत.

खरी गंमत पुढे आहे. आठेक दिवसांत खोपा अर्धा होतो, शिरस्त्राणासारखा. तिथं नर काम थांबवतो आणि पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादी येते, आत-बाहेर फिरून तपासते. पसंत पडलं तर राहते, मग नर अंड्यांची जागा आणि खाली उघडणारी लांब नळी विणून खोपा पुरा करतो. पसंत नाही पडलं तर ती उडून जाते. एका अभ्यासात असं आढळलं, की मादी खोप्याच्या विणीपेक्षा तो कुठं टांगलाय हे जास्त बघते. आपल्या पुण्यात फ्लॅट बघताना वेगळं काय होतं म्हणा!

हे सगळं नीट पाहून लिहिलं ते डॉ. सालीम अलींनी. मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची नोकरी गेली होती. पैसे बेताचे, म्हणून ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. तिथं घराजवळच सुगरणींची वसाहत होती. 1930 च्या पावसाळ्यात शिडीवर आडोसा करून ते तासन् तास बसून राहिले आणि त्यावरचा त्यांचा लेख 1931 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. नोकरी गेलेल्या माणसानं दुसऱ्याचं घर बांधणं इतक्या शांतपणे पाहावं, हीसुद्धा एक उपासनाच म्हणायची. मादी अंडी घालून उबवायला बसली, की नर शेजारी दुसरा खोपा विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीला बोलावतो, हेही त्यांनीच दाखवून दिलं. आता कुणी म्हणेल, हा कसला गुरू! पण अवधूतानं प्रत्येकाकडून नेमकं तेवढंच घेतलं, बाकीचं सोडलं. आपणही तसंच करू.

पहिली गोष्ट घ्यायची ती कामाची. नाकारला जाईल हे माहीत नसताना नाही, तर नाकारला जाऊ शकतो अशाच परिस्थितीत तो प्रत्येक धागा नीट ओवतो. विणलेल्या खोप्याच्या आत तो ओल्या मातीचे गोळेही लावतो. लोक म्हणतात, त्यात काजवे चिकटवून तो दिवा लावतो. ते काही खरं नाही. वाऱ्यात खोपा फार हेलकावू नये म्हणून ते वजन असावं, असं मानतात. प्रपंचातही असं वजन लागतं. रोजचं नामस्मरण, गुरुवारची आरती, गुरुचरित्राचा एक अध्याय हे आपले मातीचे गोळे. घर त्यांनी उजळेल न उजळेल, वाऱ्यात स्थिर मात्र राहतं.

दुसरी गोष्ट, पसंती आपल्या हातात नाही. नाकारलेले अर्धवट खोपे फांदीवर तसेच लोंबत राहतात आणि नर नवा विणायला घेतो. "मी तुझ्यासाठी एवढं केलं आणि तू?" हा हिशेब त्याच्या वहीत नाही.

आपल्या वहीत असतो. आमची सोसायटी सध्या पुनर्विकासाला चालली आहे. पंधरा वर्षं हप्ते भरलेला हा फ्लॅट. मुलाला फोनवर विचारलं, नवीन जागा किती मोठी घेऊ? तो म्हणाला, "बाबा, तुम्हा दोघांना सोयीची घ्या. आम्ही परत येऊन तिथं राहू असं धरून चालू नका." बोलला ते शांतपणे आणि खरं तेच बोलला. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. सौ.ला म्हटलं, मग हे सगळं कुणासाठी केलं? ती म्हणाली, "तो वाढला ना यात? मग झालं की."

मला तेव्हा कॅश काउंटर आठवला. दिवसभर लाखो रुपये हातातून जातात, त्यातला एकही आपला नसतो. पण संध्याकाळी हिशेबात एक रुपया कमी आला तरी पाय घराकडे वळत नाही. मालकी शून्य आणि काळजी पूर्ण. टॅली झालं, किल्ल्या दिल्या, की कॅशियर मोकळा. निष्काम कर्म म्हणजे फार अवघड काहीतरी असं आपण समजतो. ते तर काउंटरवर रोज घडतं. फक्त घरी आल्यावर विसरतो. दुसऱ्या दिवशी मी मुलाला फोन करून सांगितलं, की घर तुला वाढवायला घेतलं होतं, बांधून ठेवायला नाही. त्यानं थोडा वेळ काहीच उत्तर दिलं नाही. मग म्हणाला, "दत्तजयंतीला येतो."

तिसरी गोष्ट सोडण्याची. पिल्लं उडून गेली की खोपा रिकामा होतो. पुढे कधी मुनिया येऊन त्यात संसार थाटते. सुगरण भाडं मागत नाही.

पण सोडणं म्हणजे टाकून देणं नव्हे, हे आपल्या गुरुपरंपरेनं दाखवलं आहे. श्रीनृसिंहसरस्वती महाराज औदुंबरला चातुर्मासापुरते राहिले, वाडीला बारा वर्षं राहिले, मग गाणगापूरला गेले आणि शेवटी श्रीशैलाकडे निघाले. प्रत्येक ठिकाणी भक्त रडले. महाराजांनी जागा सोडली, पण पादुका ठेवल्या. भक्तांना सोडलं नाही. आपणही मुलांवरचा हक्क सोडावा, आशीर्वाद ठेवावा. घर रिकामं झालं तरी नातं रिकामं होऊ नये, एवढी काळजी घेतली की पुरे.

एक योगायोग बघा. पावसात संन्याशानं एका जागी राहायचं तो चातुर्मास, आणि सुगरणीच्या विणीचा हंगामही त्याच पावसातला. आज मार्गशीर्ष पौर्णिमेला ते खोपे बहुतेक रिकामे असतील. यंदा सप्ताहाचं पारायण संपलं, की उरलेल्या थंडीत एखाद्या सकाळी नातवंडांना घेऊन गावाबाहेर जा आणि त्यांना तो रिकामा खोपा दाखवा. तोडून दिवाणखान्यात टांगायला आणू नका. पाचशे खेपा घालून विणलेलं घर असं वाऱ्यावर सोडता येतं, हे झाडावर बघितलं तरच कळतं.

श्री गुरुदेव दत्त!