मुक्या जिवांचे वैद्य आणि आपली कृतज्ञता

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की घरोघरी गुरुचरित्राचे सप्ताह बसतात. सात दिवस आपण प्रभूंच्या तसबिरीसमोर बसून पोथी वाचतो. तसबीर आपल्या इतकी ओळखीची असते की तिच्यात काय काय आहे हे पुन्हा बघायचं राहून जातं. तीन शिरं, सहा हात, मागे उभी गाय आणि पायाशी चार श्वान. गाय म्हणजे पृथ्वी आणि चार श्वान म्हणजे चार वेद, हा अर्थ आपण लहानपणापासून ऐकत आलो, आणि तो खराच आहे. पण घरातल्या नातवंडाला विचारून बघा. ते म्हणेल, "आजोबा, देवबाप्पाजवळ भूभू आहे." तेही खोटं नाही. वेदांना रूप द्यायचं झालं तेव्हा परंपरेने कुत्र्याचं रूप दिलं, ज्याला आपण सहज हाड्‌ म्हणतो त्याचं. यावर आपण थोडं थांबलं पाहिजे.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. हे अवधूत म्हणजे दत्तात्रेयच, अशी आपली श्रद्धा. जन्मभर बँकेत आकडे लिहिल्यामुळे मला मोजायची सवय आहे. कपोत, अजगर, पतंग, मधमाशी, हत्ती, हरीण, मासा, कुरर पक्षी, साप, कोळी आणि कुंभारमाशी. चोवीसपैकी अकरा गुरू हे मुके जीव आहेत. गुरुचरित्राच्या बाविसाव्या अध्यायात गाणगापूरच्या गरीब ब्राह्मणाची वांझ म्हैस आहे. ओझी वाहणारी म्हातारी म्हैस, तिच्याकडून दुधाची अपेक्षा कोण करणार? महाराज मात्र भिक्षेला त्याच घरी गेले. म्हणजे दत्तसंप्रदायात जनावर हे सजावटीला नाही, ते कथेच्या मध्यभागी आहे.

आज ज्यांच्याविषयी लिहायचं मनात आहे, ते लोक म्हणजे जनावरांचे डॉक्टर. त्यातही अवेळी, आणीबाणीच्या वेळी धावून येणारे. आपल्या घरातलं माणूस दवाखान्यात वाचलं तर आपण डॉक्टरांना देवमाणूस म्हणतो, पेढे नेतो. गाय वाचली, कुत्रं वाचलं, मांजर वाचलं, की पाच नारळ देवळात येतात आणि डॉक्टर मात्र विसरला जातो. याला काय म्हणायचं, ते वाचकांनीच ठरवावं.

या कामाला शास्त्राचा आधार हवा असेल तर महाभारतातलं द्रोणपर्व काढून बघा. जयद्रथवधाचा दिवस. सूर्यास्ताच्या आत जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्निप्रवेश करीन, ही अर्जुनाची प्रतिज्ञा. शत्रूचं सैन्य मध्ये आडवं, आणि दिवस कलत चाललेला. अशा वेळी रथाचे घोडे थकले, बाणांनी जखमी झाले. तुम्हीआम्ही काय केलं असतं? चाबूक ओढला असता. अर्जुन रथाखाली उतरला आणि एकटा पायउतार होऊन सैन्याला थोपवून उभा राहिला. घोड्यांना पाणी नव्हतं, तेव्हा बाण मारून त्याने जमिनीतून पाणी काढलं, बाणांचाच आडोसा केला. आणि भगवान श्रीकृष्णांनी घोडे सोडले, स्वतःच्या हाताने त्यांच्या अंगातले बाण उपसले, अंग चोळलं, पाणी पाजलं, चारा दिला. घोडे ताजे झाल्यावर मगच रथ जुंपला.

बघा, गीता सांगणारा देव त्या दिवशी रणांगणात पशुवैद्य झाला होता. प्रतिज्ञेचा प्रश्न, प्राणांचा प्रश्न, तरी जनावराची वेदना "नंतर बघू" म्हणून पुढे ढकलली नाही. आणीबाणीची सेवा म्हणतात ती हीच. आणि हेही लक्षात घ्या, दुःखाची विचारपूस करताना घोडे बोलले नव्हते. न बोलणाऱ्याचं दुखणं ओळखावं लागतं.

आमच्या नोकरीची बरीच वर्षं ग्रामीण शाखेत गेली. दुभत्या जनावरांसाठी कर्ज दिलं जाई. आमच्या वहीत गाय म्हणजे तारण, तिच्या कानातला बिल्ला म्हणजे विम्याचा पुरावा. पण ज्या घरात ती गाय असे, तिथे ती तारण नसे. एका कर्जदार बाईंची गोष्ट सांगतो. नवरा गेलेला, एक मुलगा शिकतोय, आणि घर चालायचं ते एका गाईच्या दुधावर. गाय व्याली, आणि दुसऱ्याच रात्री ती खाली बसली ती उठेना. कान गार पडले, मान वळवून पोटाशी टेकलेली. शेजारचे म्हणाले, संपलं आता. कुणी गुळाचं पाणी नळीने पाजा म्हणालं.

मुलाने पावसात डॉक्टरांना फोन केला. ते मोटारसायकलवर आले. पहिलं वाक्य, "तोंडातून काही ओतू नका." अशा गाईला गिळता येत नाही, ओतलेलं फुप्फुसात जातं आणि बरी होणारी गाय त्यानेच दगावते. विण्यानंतर दुधात एकदम चुना, म्हणजे कॅल्शियम उतरतं, रक्तातलं कमी पडतं, म्हणून जनावराचं अंगच चालेनासं होतं. याला दुग्धज्वर म्हणतात. नाव ज्वर, पण अंग उलट गार पडतं. त्यांनी कंदिलाच्या उजेडात मानेच्या शिरेत सलाईन लावलं. कॅल्शियम भराभर गेलं तर हृदय थांबू शकतं, म्हणून एका हाताने बाटली खालीवर करत, दुसऱ्या हाताने छातीला नळी लावून ठोके मोजत ते चिखलात गुडघ्यावर बसून राहिले.

बाई एकच विचारत होत्या, "जगंल का न्हाई माझी गाय?"

डॉक्टर म्हणाले, "मावशी, मी माझं काम करतो. तुम्ही तिच्या तोंडावरून हात फिरवा. तुमचा हात ती ओळखते."

थोड्या वेळाने गाईच्या अंगाला कापरं सुटलं. ढेकर आली, शेण पडलं, आणि धडपडत ती उठून उभी राहिली. बाई पाया पडायला वाकल्या तर डॉक्टर मागे सरले. "पाया पडायचं तर गाईच्या पडा. आणि एक-दोन दिवस सगळं दूध काढू नका, थोडं कासेत राहू द्या." एवढं सांगून पुढच्या गावाला गेले, तिथे एक म्हैस अडली होती.

ही हकीकत त्या बाईंनी हप्ता भरायला आल्यावर सांगितली. सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटतं, कृतज्ञता म्हणजे तेच पाणी. पण ते तिथेच आटू नये.

आता एक शंका पुष्कळ जण काढतात, आणि ती रास्त आहे. "अहो, जनावरात एवढा जीव गुंतवणं हा मोहच ना? भरतराजाचं काय झालं?" बुडणाऱ्या हरणाच्या पाडसाला भरताने वाचवलं, त्याच्यात मन अडकलं आणि पुढचा जन्म हरणाचा घ्यावा लागला. अवधूतांचा कपोतही मोहाचाच धडा देतो. खरं आहे. पण भरताची चूक कुठे झाली ते नीट वाचावं. पाडसाला पाण्यातून काढलं ती चूक नव्हती. काढलं नसतं तर तप काय कामाचं? पुढे संध्या, पूजा, ध्यान सगळं सोडून "माझं पाडस, माझं पाडस" सुरू झालं, तिथे तोल गेला. दोष दयेत नव्हता, "माझं" या शब्दात होता.

आणि या ठिकाणी डॉक्टरांकडून शिकण्यासारखं आहे. ती गाय त्यांची कोण होती? नातं नाही, दुधात वाटा नाही, पुन्हा भेट होईल याची खात्री नाही. तरी तिच्यासाठी ते चिखलात बसले, आणि ती उठताच पुढच्या जिवाकडे निघाले. जीव ओतून काम आणि काम झाल्यावर हात मोकळे. निष्काम कर्मावर आपण पुष्कळ प्रवचनं ऐकतो. ते डोळ्यांनी बघायचं असेल तर अशा डॉक्टरला काम करताना बघावं.

दरवेळी जनावर वाचतंच असं नाही. आमच्या ओळखीच्या एका वृद्ध दांपत्याचा कुत्रा चौदा वर्षांचा झाला होता. मुलं परदेशी, घरात हे तिघंच. मूत्रपिंडं निकामी झाली, अन्न सुटलं. डॉक्टरांनी उगाच महागडे उपचार सुचवले नाहीत, खोटी आशाही लावली नाही. "आजोबा, आता बरं करणं माझ्या हातात नाही. दुखू न देणं आहे," इतकं स्पष्ट बोलले. शेवटचं इंजेक्शन द्यावं की नाही, यावर घरात दोन रात्री झोप नव्हती. हे पाप तर नाही ना, असं आजींनी मला विचारलं. मी काही धर्माधिकारी नव्हे. मी एवढंच म्हणालो, त्रास संपवायचा हेतू कुणासाठी आहे, त्याच्यासाठी की आपल्या सोयीसाठी, हे दत्तासमोर बसून स्वतःला विचारा. उत्तर स्वच्छ आलं तर भिऊ नका. ज्यांच्या मनाला ते पटत नसेल, त्यांनी वेदना कमी करून सोबत बसावं, तीही सेवाच. त्यांचा निर्णय झाला तेव्हा डॉक्टर घरी आले, कुत्र्याचं डोकं आजींच्या मांडीवर होतं. सगळं झाल्यावरही डॉक्टर लगेच उठले नाहीत, बराच वेळ जमिनीवर बसून राहिले. आजी आजही म्हणतात, "त्या माणसाचं बसणं मी विसरणार नाही." उपचार हरला तरी करुणा हरत नाही, ती ही.

धर्मशास्त्रात पंचमहायज्ञ सांगितलेत, त्यांत एक भूतयज्ञ आहे. गाईला घास, कुत्र्याला, कावळ्याला बली, ही आपल्या आजीपणजीची रोजची रीत. इतिहासात बघाल तर अशोकाने आपल्या शिलालेखात माणसांच्या आणि पशूंच्याही चिकित्सेची सोय केल्याचं कोरून ठेवलंय. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून उभं आहे, आणि १८८६ साली तिथेच पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. २०१९ च्या महापुरात कृष्णा-पंचगंगेच्या काठी आपल्या वाडीच्या शिरोळ तालुक्यात जनावरांचे किती हाल झाले, आणि २०२२ साली लम्पीची साथ आली तेव्हा गोठ्यागोठ्यांत लस टोचत कोण फिरलं, हे आठवून बघा.

मग आपण काय करायचं? मोठं काही नको. रात्री डॉक्टर आले तर उजेड, गरम पाणी, साबण आणि जनावर धरायला दोन माणसं तयार ठेवावीत. आपल्या डब्यातली तापाची गोळी कुत्र्या-मांजराला देऊ नये. पॅरासिटामॉल मांजराला जीवघेणी ठरते. शासनाच्या पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ हा निःशुल्क क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा. जनावर दगावलं तर रागाच्या भरात डॉक्टरला बोलू नये, तोही माणूस आहे, तोही ते घेऊन घरी जातो. आणि फी वेळेवर, हसतमुखाने द्यावी. देवाला नवस फेडताना आपण उधारी ठेवत नाही, मग इथे "पुढच्या महिन्यात बघू" का?

पैशाचं देणं पावती मिळाली की मिटतं. कृतज्ञतेचं मिटत नाही, ते पुढे द्यावं लागतं. आपलं कुत्रं वाचलं तर रस्त्यावरच्या जखमी कुत्र्यासाठी एक फोन करावा. आपली गाय उठली तर शेजाऱ्याची गाय बसल्यावर रात्री उठून जावं. असं झालं की "माझं" हळूहळू "सगळ्यांचं" होतं, आणि भरतराजाला जी वाट चुकली ती आपल्याला सापडते.

यंदा जयंतीला पाळणा म्हणून झाल्यावर, प्रसाद घेण्याआधी तसबिरीकडे पुन्हा एकदा बघा. प्रभूंना हात जोडाल, तेव्हा मागच्या गाईला आणि पायाशी बसलेल्या चौघांनाही हात जोडा. आणि ज्या कुणी तुमच्या घरच्या मुक्या जिवाला कधी हात लावून बरं केलं असेल, त्याचं नाव त्या दिवशी प्रभूंच्या कानावर घाला. मुक्या जिवांना ते सांगता येत नाही, त्यांच्या वतीने आपण सांगायचं.

॥ दिगंबरा दिगंबरा श्रीपाद वल्लभ दिगंबरा ॥